मयेकरांनी मिळवलेली सूट

बँकेला पस्तीस हजारांनी नमवणारा माणूस, अशी त्यांची मला ओळख करून देण्यात आली. ती त्यांनी स्वतःच करून दिली.

सुधाकर मयेकर. मांडवीत जाळी, दोर आणि बोटीला लागणारं सामान विकतात. शेजारी त्यांची मुलगी सायली बसली होती. तिला मुंबईत फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला होता. पुढच्या शुक्रवारपर्यंत फी भरली नाही, तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. मी रत्नागिरीतल्या एका सरकारी बँकेत कर्जाचं टेबल सांभाळते. शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असतो. म्हणजे शिकणार मुलगी आणि बँक तपासणार बापाला. तशी मी तपासणी केली, मयेकरांचा क्रेडिट रिपोर्ट काढला आणि सायलीचा अर्ज बाजूला ठेवला.

क्रेडिट रिपोर्ट म्हणजे आपली कर्जाची कुंडली. कुणाकडून किती घेतलं, कसं फेडलं, सगळं त्यात येतं. मयेकरांच्या कुंडलीत मंगळ होता. एका खाजगी बँकेच्या जुन्या पर्सनल लोनपुढे 'सेटल्ड' असं लिहिलं होतं. मी ते वाचून दाखवलं तर त्यांचा चेहरा खुलला.

"तेच तर सांगतोय मॅडम. मिटवलेला हाय. आपण कुणाचा ठेवत नाय."

मग मला पूर्ण पराक्रम ऐकावा लागला. दुकान वाढवायला कर्ज काढलं, धंदा बसला, हप्ते थकले. वसुली एजंटचे फोन सकाळच्या चहाआधी सुरू व्हायचे. शेवटी तो म्हणाला, एकरकमी भरा, थोडं कमी करून देतो. हे ऐकून मयेकरांच्या अंगात मिरकरवाड्याचा मासळीबाजार संचारला. कोलंबीचा वाटा घेताना करतात तशी त्यांनी घासाघीस केली. नको म्हणून उठून गेले, परत आले, पुन्हा उठले. पस्तीस हजार सुटले. त्या आनंदात त्यांनी आळीत पेढे वाटले. तेव्हापासून मांडवीत कुणाचा हप्ता थकला की सल्ल्याला मयेकरांकडे जायचं अशी पद्धत पडली. दोन शेजाऱ्यांची कर्जं तर त्यांनी स्वतः मध्ये बसून अशीच 'मिटवून' दिली होती. फुकट.

या समाजसेवेचा अर्थ त्यांना सांगण्याचं काम माझ्याकडे आलं. सगळे पैसे फेडले की रिपोर्टात 'क्लोज्ड' येतं. 'सेटल्ड' म्हणजे, या माणसाने पूर्ण फेडलं नाही, मिळालं तेवढं आम्ही घेतलं, पुढच्यांनी सांभाळून राहावं. बँकेने मयेकरांना हसत हसत निरोप दिला होता आणि जाताना त्यांच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली होती.

"मला असा कोण बोलला नाय," मयेकर म्हणाले.

बरोबरच होतं. एजंटला टार्गेट गाठायचं होतं, मयेकरांना बाजी मारायची होती. दोघांचंही काम झालेलं असताना असला अपशकुन करणार कोण?

सायली हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही पेढे वाटले होते."

मला त्या क्षणी मयेकरांची दया आली. उपाय सोपा होता. सुटलेले पस्तीस हजार भरायचे, नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला घ्यायचा आणि नोंद बदलून घ्यायची. पैसे त्यांच्याकडे होते. प्रश्न जिंकलेली लढाई परत करण्याचा होता. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "त्यात काय कमी होईल?"

मी नाही म्हणाले. त्यांनी मुलीकडे बघितलं आणि म्हणाले, "भरतो."

खरी गंमत पुढे झाली. ज्या बँकेने पैशांसाठी माणसाला जेवू दिलं नव्हतं, ती आता पैसे घेईना. काउंटरवरच्या मुलीने नम्रपणे सांगितलं, तुमचं काहीच बाकी नाही, सिस्टीममध्ये झिरो दिसतंय. मग रिपोर्टात काय आहे? तिथे सेटल्ड आहे. मग उरलेले घ्या. घेता येणार नाहीत, खातं बंद आहे. मयेकर तिथून थेट माझ्याकडे आले. आयुष्यात पहिल्यांदा ते पूर्ण पैसे द्यायला निघाले होते आणि त्यांना घेणारा मिळत नव्हता.

मी विचारलं, तो एजंट कुठे आहे? त्याचा नंबर त्यांनी ब्लॉक करून ठेवला होता. तो उघडला आणि माझ्यासमोरच फोन लावला. "मी मयेकर, रत्नागिरी. माझे उरलेले पैसे घ्या," हे ऐकून समोरच्याने फोन कट केला. त्याला वाटलं, फ्रॉड कॉल आहे. त्याच्या धंद्यात कर्जदार स्वतःहून फोन करत नसावेत. पुढच्या वेळी मी बोलले, तेव्हा त्याने मुंबईच्या वसुली विभागाचा ईमेल दिला. मी मजकूर सांगितला, सायलीने टाइप केला. दोनदा आठवण करून दिल्यावर पैसे भरण्याची लिंक आली. बुधवारी दाखलाही आला.

आता आमचे मॅनेजरसाहेब.

"रिपोर्ट बदलल्यावर बघू," ते म्हणाले.

"सर, त्याला महिना लागतो. शुक्रवारी जागा जाते."

"रिजनल ऑफिस काय म्हणेल?"

"आपण विचारलं नाही, तर काहीच म्हणणार नाही. मंजुरी तुमच्याच अधिकारात आहे."

त्यांनी चहा संपवला. मग मला सगळं लिहून काढायला सांगितलं, दाखला जोडायला लावला आणि आधी मला सही करायला लावली. मग स्वतः केली, जरा लहान अक्षरात. गुरुवारी कर्ज मंजूर झालं.

करारावर सही करायला दोघं आले. मयेकरांनी सवयीने पेन काढलं आणि कुठे करू, म्हणून विचारलं. सायलीने कागद स्वतःकडे ओढले. "थांबा बाबा, वाचू दे." तिने एकेक कलम वाचलं आणि मला इतके प्रश्न विचारले की मी चहा मागवला. फी शुक्रवारी दुपारी पोचली.

महिन्याभराने रिपोर्टात 'क्लोज्ड' आलं. मयेकरांचा तोरा मात्र गेलेला नाही. हल्ली ते सांगतात, बँक पैसे घेत नव्हती, मी घ्यायला लावले. पस्तीस हजारांची सूट मांडवीला लगेच पटली होती. ही गोष्ट शब्दन् शब्द खरी असून कुणालाच पटत नाही. ते दोन शेजारी मात्र मला येऊन भेटून गेले. पेढे न घेता.

बँकेशी घासाघीस करू नये, असं मी म्हणणार नाही. जरूर करावी, पण कर्ज घेताना, व्याजाच्या दरावर. मी मयेकरांना विचारलं होतं, ते पर्सनल लोन किती टक्क्यांनी घेतलं होतं? त्यांना आठवेना. म्हणाले, "त्यांनी बोट ठेवला तिथे सही केली."