सुरुंग आणि पहिलं शील

खाणीत कुठल्या भोकात किती स्फोटक भरायचं, हे मी कॅनडात, मार्कहॅमच्या ऑफिसात बसून ठरवतो. आमच्या आंबेडकर मंडळात मात्र ‘मायनिंगमध्ये आहे’ एवढंच सांगतो. भन्तेजी नसले की पंचशील म्हणवून घ्यायला कुणी उपासक उभा राहतो. माझ्यावर पाळी आली की माझा घसा बसतो. ज्याचं पोट दारूगोळ्यावर, त्यानं लोकांकडून जीवहिंसेविरुद्धचं पहिलं शील म्हणवून घ्यायचं?

यंदा जयंतीला मुलीला ‘मला आवडलेला माणूस’ यावर बोलायचं होतं. तिनं डायनामाइटचा शोध लावणारा तो स्वीडिश गृहस्थ निवडला.

“दुसरं कुणी सापडलं नाही का गं?”

“बाबा, ही इज लिटरली युअर गाय!”

मग आम्ही दोघं त्याच्याविषयी वाचत बसलो. कारखान्यातल्या स्फोटात त्याचा धाकटा भाऊ गेला. तरी हा सरोवरात तराफा टाकून त्यावर काम करत राहिला. जराशा हादऱ्यानं फुटणारं कारखान्यातलं ते स्फोटक तेल त्यानं एका सच्छिद्र मातीत जिरवलं आणि माणसाला हाताळण्याजोगं केलं. आमचे कामगार संध्याकाळी धडधाकट घरी जातात, त्याची सुरुवात तिथं झाली. त्याच मालावर लढायाही झाल्या, तो गडगंज झाला आणि मरताना बहुतेक सगळं ज्ञानाच्या, शांततेच्या बक्षिसांना देऊन गेला. त्या देण्याला मी हात जोडतोच. पण भाऊ गेल्यावर पुन्हा त्याच कामाला हात घालणं मला त्याहून मोठं वाटतं.

जयंतीच्या दिवशी भन्तेजी एप्रिलातल्या अवकाळी बर्फामुळे हायवेवर अडकले, म्हणून मुलांची भाषणं आधी घेतली. मुलीनं शेवटी कागद खाली ठेवला.

“माय डॅड ब्लोज थिंग्ज अप टू. ही चेक्स एव्हरीथिंग ट्वाइस, सो नोबडी डाइज.”

हॉल हसला. माझे कान तापले. तेवढ्यात भन्तेजींचा फोन आला, पोचणं शक्य नाही. मंडळाचे अध्यक्ष, आमचे नागपूरचे काका, माझ्याकडे वळले.

“काय इंजिनीअर, मायनिंग म्हणजे हे होय? अन् घसा कसा आहे आज?”

“बरा आहे, काका,” म्हणालो आणि उठलो.

पहिलं शील मी जरा जास्तच सावकाश म्हटलं. मागून सगळा हॉल म्हणत होता. त्यात मुलीचा तो कॅनेडियन ‘र’ मला वेगळा ऐकू येत होता.