ऑर्विलची गवताची धावपट्टी

"बाबा, गेल्या वर्षी मेळाव्यात पीटच्या विमानाचं चाक तुझ्या कुरणातल्या बिळात मोडलं. यंदा कुणी तिथे उतरणार नाही," कार्ला म्हणाली.

"बिळं मी बुजवलीत," ऑर्विल म्हणाला.

"तू बुजवतोस, जमिनीतल्या खारी पुन्हा उकरतात," अर्लीन, त्याची बायको, बटाटे सोलता सोलता म्हणाली. "त्यांना तुझ्याहून जास्त मोकळा वेळ आहे."

मी शेजारीण, कॉफीला आलेली. उठावं की बसावं, कळेना.

आमच्या नेब्रास्काच्या या भागातल्या हौशी वैमानिकांचा मेळावा दर उन्हाळ्यात ऑर्विलच्या शेतावर भरतो. गवत तोच कापतो, तेही चर्चला जायच्या आधी. त्याची मुलगी कार्ला यंदा क्लबची अध्यक्ष होती. तिला मेळावा गावाच्या पक्क्या धावपट्टीवर हवा होता आणि संध्याकाळी तसं सगळ्यांना कळवायचं होतं.

मेळाव्याला उडत येणाऱ्याला पॅनकेक फुकट. मोटारीने आलेल्या वैमानिकाने ते विकत घ्यायचे आणि दिवसभर टोमणे खायचे. या नियमातून सुटका फक्त यजमानाची. ज्याचं शेत, त्याने खाली उभं राहून झेंडीने विमानं जागेवर लावायची.

"इथेच होईल," ऑर्विल म्हणाला. "मी यजमान आहे."

"डोळ्यांचं सांग तिला," अर्लीन म्हणाली.

"कसलं डोळ्यांचं?" कार्लाने विचारलं.

ऑर्विलने कप खाली ठेवला. "मधोमध धूसर दिसतं. मागच्या मेळाव्याआधीपासून मी माझं विमान वर नेलेलं नाही."

"मग रविवारी इंजिनाचा आवाज येतो तो?"

"सुरू करतो. कुरणात एक चक्कर मारतो. परत शेडमध्ये लावतो."

"ट्रॅक्टरसारखं," अर्लीन म्हणाली.

कार्ला खुर्चीत बसली. आता ओरडणार, असं मला वाटलं. ती हसायलाच लागली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "तू या वयातही उडवतोस असं मी धरून चालले होते, बाबा. तो आवाज आला की हातातलं काम टाकून मी आवाज थांबायची वाट बघत बसायचे. तुला विचारायची हिंमत नव्हती."

"मला सांगायची नव्हती," ऑर्विल म्हणाला. त्याचे खांदे सैल पडले. इतका वेळ त्याने ते ताणून धरले होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. अर्लीनने त्याच्यापुढे बटाट्यांची पाटी आणि सुरी सरकवली.

त्याने एक बटाटा सोलला, जरा जाडच.

"मेळावा गावात," तो म्हणाला. "विमान कार्ला नेईल. मी आणि अर्लीन मोटारीने येऊ."