हसरा मास्क

मास्क बसत नव्हता. व्यंकटराव टेबलावर निजले होते, मी चेहऱ्यावर मास्क चढवून क्लिपा लावल्या होत्या, आणि स्क्रीनवरच्या एक्स-रेत त्यांचा जबडा असायला हवा तिथे नव्हता.

“अप्पा, हनुवटी हलवलीत काय?” मी माइकवरून विचारलं.

“मी कोठे हलतो गे?” मास्कच्या आतून आवाज आला. “खिळे ठोकल्यासारखा पडलोय.”

मी तंजावूरच्या एका हॉस्पिटलात रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट आहे. म्हणजे कॅन्सरच्या पेशंटला रेडिएशन देणारं मशीन चालवते. व्यंकटरावांच्या घशात गाठ होती. अशा पेशंटचा आम्ही आधी मास्क बनवतो. प्लॅस्टिकची जाळीदार शीट गरम पाण्यात टाकली की पापडाच्या लाटीसारखी मऊ होते. ती चेहऱ्यावर ताणायची आणि गार होऊ द्यायची. चेहऱ्याचा साचा तयार. त्याच मास्कमध्ये स्कॅन होतो, त्या स्कॅनवर फिजिसिस्ट किरणं कुठे, किती द्यायची याचा प्लॅन बनवतो, आणि मग रोज तोच मास्क घालून रेडिएशन. डोकं तसूभरही हलता कामा नये, एवढाच त्याचा उद्देश.

आदल्या दिवशी मास्क नीट बसला होता. आज गालांपाशी ढिला होता, आणि त्या ढिल्या जागेत जबडा सरकत होता. मी मास्क काढून त्यांना बसवलं आणि फिजिसिस्टला बोलावलं.

कार्तिक आला. त्याने प्लॅनसाठी काढलेला स्कॅन उघडला, बराच वेळ बघितला, आणि म्हणाला, “अक्का, हा पेशंट हसतोय.”

“काय?”

“स्कॅनमध्ये हसतोय. गाल बघा.”

मास्क बनवला त्या दिवशी मी एका लग्नासाठी कुंभकोणमला होते. ज्याने बनवला त्या सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “मला वाटलं, त्यांचा चेहराच तसा आहे.”

तो चेहरा तसा अजिबात नव्हता. व्यंकटराव शेतकी खात्यात बियाण्याच्या भाताचे इन्स्पेक्टर होते. ओरत्तनाडूच्या बाजूला त्यांनी आयुष्यभर शेतकऱ्यांची पोती नापास केली. राजवाड्यामागच्या ज्या गल्लीत ते राहतात, तिथे मीही वाढले. त्यांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

हसण्यामागे त्यांची मुलगी होती. मालिनी चेन्नईला एका कंपनीत एचआरमध्ये आहे. अप्पांचा रिपोर्ट आला तशी ती रजा टाकून आली आणि घरात नियम लावला: कोणी तोंड पाडायचं नाही. ‘कॅन्सर’ शब्द उच्चारायचा नाही, ‘पाहुणा’ म्हणायचं. सकाळी गच्चीवर सगळ्यांनी हात वर करून हा-हा-हो-हो करायचं. शेजारच्या मामींनी पहिल्या दिवशी घाबरून काय झालं ते बघायला माणूस पाठवला होता. मास्क बनवायच्या वेळी मालिनी दारात अंगठा वर करून उभी होती. “स्माइल, अप्पा! शरीर सगळं ऐकतं!” अप्पांनी प्लॅस्टिक गार होईपर्यंत दात काढून दाखवले. आदल्या दिवशी पहिल्या रेडिएशनला आत जातानाही तिने हसायला लावलं, म्हणून मास्क बसला. आज मात्र सकाळची डिकॉक्शन कॉफी बंद करून तिने कोमट जिऱ्याचं पाणी दिलं होतं. अप्पा संतापले होते.

मी डॉक्टर मॅडमना फोन केला.

“घशाच्या केसमध्ये उगाच खाडा नको,” त्या म्हणाल्या. “नवा मास्क करूच. पण आज हसवून जमतंय का बघा. एक्स-रेचा फोटो स्कॅनशी जुळला तरच मशीन सुरू करायचं.”

मी इतकी वर्षं मशीन चालवते. पेशंटला हसवायची ऑर्डर पहिल्यांदाच मिळाली.

कार्तिकने एक विनोद सांगितला. व्यंकटरावांनी विचारलं, “मग त्या हत्तीचं पुढे काय झालं?” मी आमच्या तंजावूरच्या मराठीत एक सांगितला. तो त्यांना माहीत होता, शेवट त्यांनीच सांगितला. सहकाऱ्याने एका नटाची नक्कल केली. व्यंकटराव त्याच्याकडे पोत्याकडे पाहावं तसे पाहत राहिले.

“हसू काय नळ आहे, सोडला की आलं?” ते म्हणाले. “सरि, ठीक आहे. लावा तो मास्क. करतो प्रयत्न.”

शेवटचा उपाय म्हणून मालिनीला कंट्रोल रूममध्ये बोलावलं. मशीनच्या खोलीत पेशंट एकटा असतो, आम्ही बाहेरून स्क्रीनवर बघतो. बोलायचं असेल तर माइकचं बटण दाबून धरायचं. मी तिला ते दाखवलं.

“अप्पा, स्माइल!” ती म्हणाली. “एखादी छान गोष्ट आठवा!”

“कॉफी आठवतोय,” आतून उत्तर आलं.

एक्स-रे काढला. जुळला नाही.

“पॉझिटिव्ह, अप्पा! हा-हा-हो-हो!”

पुन्हा काढला. पहिल्यापेक्षा वाईट.

मालिनी माझ्याकडे वळली. तिचा चेहरा बघता बघता वितळला. “ते ऐकतच नाहीत गे,” ती म्हणाली. “मला काही पॉझिटिव्ह-बिझिटिव्ह वाटत नाही. रोज बाथरूमचा नळ सोडून रडते मी. मला भीती वाटते. अप्पा गेले तर मी काय करू?”

तिचं बोट बटणावरच होतं.

स्पीकरमधून खोल आवाज आला. “माले.”

ती दचकली.

“मीही घाबरलोय गे. गच्चीवर हो-हो करताना सगळ्यांत जास्त. मला वाटलं, घरात घाबरट मी एकटाच.” थोडं थांबून ते म्हणाले, “आणि त्या नळामुळे टाकी रिकामी होते. मी प्लंबरला दोनदा बोलावलं. तो म्हणतो, गळती सापडत नाही.”

मालिनी रडता रडता फिस्सकन हसली. आणि स्क्रीनवर व्यंकटराव हसायला लागले. पोट हलत होतं, टेबल हलत होतं, मास्कमधून ‘खूं खूं’ असा आवाज येत होता. कार्तिक ओरडला, “अक्का, हसतायत! फोटो काढा!”

ते थांबल्यावर, हसू ओठांवर होतं तेवढ्यात, मी फोटो काढला.

तोही जुळला नाही. साचा दात काढून दाखवलेल्या हसण्याचा होता. हे हसू निराळ्याच आकाराचं निघालं.

त्या दिवशी रेडिएशन झालं नाही. लगेच नवा मास्क घेतला. या वेळी मीच शीट ताणली. “अप्पा, चेहरा तुमचा तुम्ही ठेवा,” म्हटलं. त्यांनी जिभेवर कच्ची चिंच ठेवल्यासारखा आपला मूळ चेहरा धारण केला. नवा प्लॅन व्हायला थोडे दिवस लागले, राहिलेला डोस डॉक्टरांनी पुढे भरून काढला. मालिनीने गच्चीवरचा कार्यक्रम बंद केला. पुढे रेडिएशनने अप्पांचं तोंड सोलवटलं, गिळवेना, तेव्हा बापलेक दोघं वेटिंगमध्ये बसून मनसोक्त कुरकुर करत. कधी ती रडायची, कधी ते. आत आले की मास्क खट्कन बसायचा.

उपचार पूर्ण झाले. त्यानंतरच्या तपासणीत गाठ दिसली नाही. व्यंकटराव म्हणाले, “सध्या पास,” आणि मालिनीला घेऊन कॉफी प्यायला गेले.

पॉझिटिव्ह राहावं की राहू नये, हे मला कळत नाही. ते माझं डिपार्टमेंट नाही. मशीनला पेशंट आनंदी लागत नाही. त्याला फक्त रोज तोच माणूस लागतो.