स्पर्धेच्या दिवशी कोणी बोलायचं नाही

स्पर्धेच्या दिवशी माझ्याशी कोणी बोलायचं नाही, हा आमच्या घरात बाबांनी घातलेला नियम. मी तलवारबाजी खेळते. सकाळपासून शेवटची लढत संपेपर्यंत चौकशी नको, बातमी नको, ‘ऑल द बेस्ट’सुद्धा नको. आई वैतागायची. “खेळ आहे की अनुष्ठान?” म्हणायची, आणि तरी गुपचूप मऊ भाताची ताटली माझ्यापुढे सरकवायची. पोटाला जड काही चालायचं नाही. बॅगेत केळी, खजूर आणि मीठ-साखरेचं पाणी. दोन लढतींच्या मधे एखादा खजूर चघळत, डोक्यावर टॉवेल घेऊन, भिंतीकडे तोंड करून बसायचं. फोन बंद करून प्रशिक्षक सरांकडे द्यायचा. लोकांना वाटायचं, पोरीला शिंगं फुटलीत. वाटू दे! टॉवेलखाली मला पुढची लढत दिसायची.

ठाण्याला राज्याच्या संघाची निवड चाचणी होती तेव्हा बाबा अंथरुणाला खिळलेले. डोंबिवलीच्या केमिकल कंपनीत उभा जन्म घालवलेला माणूस. फुप्फुसं पार गेलेली, नाकाला ऑक्सिजनची नळी. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलेलं. मला संघात गेलेली बघायचं, एवढं एकच त्यांना हवं होतं. मलाही तेच हवं होतं, त्यांच्या डोळ्यांदेखत. पुढची चाचणी काही त्यांच्या वाट्याला येणार नाही, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

त्या सकाळी मी त्यांच्या उशाशी बसून राहिलेले. पाय निघेना. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दाराकडे खूण केली. आज तरी बोला की हो, असं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. पण नियम त्यांचा. आईनेही नुसता पाठीवरून हात फिरवला आणि मी किटबॅग उचलली.

हॉलमध्ये मात्र सगळं जमून आलं. मनगट सैल, पाय हलके, डोकं शांत. एकेक लढत मारत मी फायनलला आले. आमच्या गटातून एकीचीच निवड होणार होती आणि समोर होती कल्याणची माझी मैत्रीण. लहानपणापासून आम्ही एकत्रच सराव करायचो. माझं मनगट जरा उघडं पडलं रे पडलं की तिच्या तलवारीचं टोक तिथे बसलंच म्हणून समजा. एरवी लढतीआधी ती मास्क घालता घालता मला जीभ दाखवायची. त्या दिवशी तिने मान वर केली नाही. डोळे लाल दिसले. घाबरली, असं वाटलं मला आणि चक्क बरं वाटलं. सर जवळ आले, “पाणी पी” एवढंच म्हणाले आणि लांब जाऊन उभे राहिले.

पंधरा गुणांची लढत, चौदा-चौदा झाले. आता एक टच, की संपलं. मी घाईने झेपावले आणि व्हायचं तेच झालं, हात वर गेला, मनगट सताड उघडं. ती नुसती उभी राहिली. माझं टोक तिच्या खांद्यावर बसलं आणि माझ्या बाजूचा गुणाचा दिवा पेटला.

“बाबा!” म्हणून मी ओरडले, मास्क काढला. कोणी टाळी वाजवली नाही.

सरांनी माझे दोन्ही खांदे धरले. “संपली ना लढत? आता बोलतो,” म्हणाले.

बाबा फायनलच्या आधीच गेलेले. आईने स्वतः सरांना फोन करून बजावलेलं, ‘तिचं होईपर्यंत सांगू नका, ह्यांना आवडायचं नाही.’ आणि सरांनी ते पाळलं. पंचांना माहीत, टेबलावरच्या माणसांना माहीत. अख्ख्या हॉलमध्ये बेखबर एकटी मी! आजही आठवलं की डोकं फिरतं माझं. कोणावर चिडायचं तेही कळत नाही. आईवर? तिने प्रेताशेजारी बसून नियम पाळला.

तेराव्याला कल्याणची ती आली. मी तिला हाताला धरून गॅलरीत नेलं.

“तुला माहीत होतं ना?”

“हो.”

“सोडलास तो टच?”

“अगं, हातच उचलला नाही माझा.”

“म्हणजे सोडलासच!”

“जाऊ दे ना आता,” ती रडायला लागली. “तू संघात आहेस, काय फरक पडतो?”

फरक पडतो! बाबांनी काही पाहिलं नाही, आणि पाहण्यासारखं मीही काही जिंकले नव्हते. तिची जागा गेली ती गेलीच. तिला जवळ घ्यायला हवं होतं, पण माझ्या तोंडून निघालं, “तुझ्या जागी मी असते ना, तर मारलं असतं.”

तिने ओढणीने डोळे पुसले.

“माहितीये मला,” ती म्हणाली आणि आईला पानं वाढू लागायला आत गेली.