रेडिएटरची सोयरीक

मी लग्न होऊन भंडाऱ्याजवळच्या शहापूरला आले, त्याच्या कितीतरी आधी आमच्या आसगावच्या घरचा रेडिएटर तिथं नांदत होता. हे ऐकून लोक हसतात. हसू द्या. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, यात हसण्यासारखं काही वाटत नसे. ज्याच्या बंद पडलेल्या गाडीचा एखादा पार्ट त्यांनी आपल्या पिकअपला लावला, तो माणूस त्यांचा इवाई झाला. इवाई म्हणजे व्याही. तोही नुसता बोलण्यापुरता नव्हे. लग्नकार्यात दुपट्टा-टोपी देऊन बसवायचा, आजारी पडला तर भेटायला जायचं, असा पक्का इवाई.

मामाजी गेल्यावर ती पिकअप आमच्या अंगणात टिनाच्या शेडखाली उभी होती. तिच्या कागदांची मुदत संपली होती आणि पुन्हा पास होण्यातली ती राहिली नव्हती. मग एक दिवस तलावातले मासे बाजारात नेणारा एक माणूस आला आणि त्यानं फक्त रेडिएटर मागितला. नवरा म्हणाला, “तो हिच्या माहेरचा आहे. हिलाच विचारा.” इथं माझं घोडं अडलं. माझे बाबा गेले, आसगावचं घर भावांनी विकलं, बाबांची मेटॅडोर कधीच मोडीत गेली. बाबांची म्हणून हात लावावा अशी ती एकच वस्तू उरली होती. विचार करून सांगते, म्हणून मी त्या माणसाला परत पाठवलं.

मामाजींनी पिकअप घेतली तीच मुळी जुनी. कापणीनंतर लोकांचं धान गिरणीवर पोचवायचं आणि उन्हाळ्यात लग्नाच्या मंडपाचं सामान, मोठे गंज, कढया गावोगाव न्यायच्या, हे तिचं काम. घर त्यावरच चालायचं. आणि आमच्याकडचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला ठाऊक आहेच. इंजिन तापायचं, पाणी उकळून बाहेर यायचं, आणि नवरदेव मांडवाखाली उभा राहण्याआधी मांडवच रस्त्यात उभा राहायचा.

नवं सामान घ्यायची ऐपत नव्हती हे खरं, पण असती तरी मामाजींनी ते घेतलं असतं असं मला वाटत नाही. “दुकानातल्या सामानाले ना माय ना बाप,” ते म्हणायचे. “कुठून आलं, कसं वागलं, कोनाले विचारू?” म्हणून पिकअपचा पाण्याचा पंप एका लिलावात निघालेल्या जीपचा होता, पंखा पवनीच्या एका डॉक्टरांच्या मोडक्या गाडीचा, रबरी पाइप अड्याळकडच्या एका ट्रॅक्टरचे. पंख्याभोवतीचा घेर त्यांनी तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून बनवला होता. उकळलेलं पाणी साठायला लावलेली बरणी सासूबाईंच्या लोणच्याची होती. ती मात्र सोयरीक न करता, न विचारता नेलेली.

पार्ट मागायला जाताना मामाजी आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून निघत. पिशवीत कोरा दुपट्टा असे. सासूबाई दारातून ओरडत, “पार्ट आनाले चालले का पोरगी पाहाले?” त्यांना या सगळ्याचा भारी राग. इवाई हा शब्द त्यांनी या लोकांसाठी कधी तोंडातून काढला नाही. त्या त्यांना सरसकट ‘भंगारवाले’ म्हणत. मामाजी शांतपणे चपला घालत आणि पार्ट घ्यायला म्हणून गेलेला माणूस जेवूनखाऊन दुसऱ्या दिवशी परते. गाडी तोवर उघड्या पोटानं अंगणात उभी.

आमच्या आसगावच्या घरी ते आले ते मला चांगलं आठवतं. बाबांची मेटॅडोर कडुनिंबाखाली उभी राहून गंजत होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. भंगारवाले येऊन वजनाचा भाव सांगत आणि बाबा त्यांना फाटकाबाहेर काढत. मामाजी आले, खाटेवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “किती वर्सं चालली जी? कोनाकोनाले घेऊन गेली?” असं बाबांना कोणी विचारलंच नव्हतं. बाबा जे बोलायला लागले ते थांबेचनात. पवनीच्या बाजाराचे फेरे सांगितले, वैनगंगेला पूर आला तेव्हा अलीकडे अडकलेली रात्र सांगितली, माझ्या जन्माच्या वेळी आईला दवाखान्यात हिनंच पोचवलं तेही सांगितलं. मामाजी मध्ये मध्ये नुसते “हो जी” म्हणत होते.

मग ते म्हणाले, “तुमच्या घरची एक वस्तू माह्या घरी द्या. सुखात ठेवीन. दरसाल आनून दाखवीन.”

बाबांनी स्वतःच्या हातानं रेडिएटर खोलला. मामाजींनी त्यांच्या खांद्यावर दुपट्टा टाकला, गळाभेट घेतली आणि म्हणाले, “आता आपन इवाई.” मी चहाचे कप घेऊन उभी होते. हसू आवरेना म्हणून आत पळाले.

दरसाल आणून दाखवायचा शब्द मात्र त्यांनी पाळला. उन्हाळ्यात एकदा तरी पिकअप आमच्या फाटकासमोर येऊन उभी राही. मामाजी बॉनेट उघडत आणि बाबांना हाक मारत, “पाहा जी, बरी आहे तुमची पोरगी.” रेडिएटर त्यांच्या बोलण्यात कायम पोरगीच. बाबा येऊन त्याच्या माथ्यावर तळहात ठेवत. चटका बसे, पण हात लगेच काढत नसत. “तापली नाही फारशी,” असं म्हणत आणि मग आत चहाची ऑर्डर सोडत.

तो रेडिएटर बसवला त्या पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे. मेटॅडोरचा तो, पिकअपला आकारानं मोठा. पट्ट्या कापून, वेल्डिंग करून कसाबसा बसवला, आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापायला लागली. हायवेवरचा मिस्त्री म्हणाला, “काका, जाळीच सडेल आहे, फेकून द्या.” मामाजी चिडले. “नवी आहे ते. काल आली अन् आज दोष देऊन राहिला? आधी आपल्या घरचं पाहू.” त्यांनी सगळं पुन्हा खोललं. रेडिएटर ठणठणीत होता. पंखा उलटा बसवला होता, आणि तो बसवणारे मामाजीच.

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. मामाजी तसेच एसटीनं आसगावला आले, एवढंच सांगायला की, “चूक आमच्या घरची होती जी, तुमच्या पोरीची नाही.” बाबा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. पुढे माझ्यासाठी त्याच घरातून विचारणा आली तेव्हा आईनं मुलाची चौकशी करायला सांगितली. बाबा म्हणाले, “ज्या घरात रेडिएटरले बोल लावत नाहीत, तिथं माह्या पोरीले कोन बोल लावते?” चौकशी तिथंच संपली.

लग्नात मात्र या सोयरिकीनं आमची भंबेरी उडवली. मामाजींनी आपले सगळे इवाई बोलावले होते. पंपवाले, पंखावाले डॉक्टर, ट्रॅक्टरवाले, सगळे एका ओळीत सतरंजीवर बसलेले, आणि एकेकाचं नाव घेऊन मामाजी त्यांना दुपट्टा-टोपी देत होते. “हे आमचे अड्याळचे इवाई. हे पवनीचे इवाई.” मुलगा तर एकुलता एक, त्याला बहीणही नाही! माझ्या मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. ती आईच्या कानाशी लागली, “अवं, पोराची किती लग्नं झाली आहेत?” आईनं हातातली परात खाली ठेवली. क्षणात बायकांच्या घोळक्यात कुजबूज सुरू झाली आणि कोणीतरी मला खोलीत नेऊन दाराला कडी लावली. शेवटी बाबा पिकअपकडे गेले, बॉनेट उघडलं आणि मावशीला हाताला धरून नेऊन एकेक इवायाची पोरगी दाखवली. मावशी नंतर कितीतरी वर्षं त्या डॉक्टरांना भेटली की पंख्याची खुशाली विचारायची.

निघताना भाड्याची जीप नवरदेवासकट पाहुण्यांनी भरली, म्हणून मी पिकअपच्या केबिनमध्येच बसले. मागे माझं आंदण, पलंग, कपाट, भांडी. अड्याळच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ यायला लागली. मामाजींनी गाडी बाभळीच्या सावलीला घेतली. रेडिएटरच्या एका कोपऱ्यातून पाण्याची बारीक धार गळत होती. “रडून राहिली,” ते म्हणाले. “माहेराहून निघताना रडतेच ते. तू बी रडून घे बाई, कोनी पाहात नाही.” तोवर मी डोळे कोरडे ठेवले होते. त्या वाक्यानं बांध फुटला आणि मी पोटभर रडले. मामाजी पाठ करून उभे राहिले. मग त्यांनी उरलेल्या हळदीची पुडी मागितली आणि गाडी जरा निवल्यावर ती रेडिएटरच्या तोंडात ओतली. हळद फुगून बारीक भोक बंद करते, हे सगळ्या ड्रायव्हर लोकांना ठाऊक असतं. नवरीच्या हळदीनं ते बंद झालेलं मात्र मी तेवढंच पाहिलं.

सासरी पहिल्या आठवड्यात माझा भात करपला. सासूबाई काही म्हणणार तोच मामाजी ताटावरून म्हणाले, “आधी पंखा पाहा.” मला कळेना. ते म्हणाले, “ओली लाकडं कोनं आनली? मीच. मंग जाळ कमी-जास्त होईनच.” तेव्हापासून आमच्या घरात तो शब्दच पडला. मुलीला गणितात मार्क कमी पडले की मी आवाज चढवायची आणि मामाजी खाटेवरून नुसतं म्हणायचे, “पंखा.” मला इतका राग यायचा! पण बहुतेक वेळा पंखा उलटाच निघायचा.

बाबा गेले त्या वर्षी मला वाटलं, आता आसगावची फेरी संपली. उन्हाळा आला आणि मामाजींनी मला म्हटलं, “चाल बाई, दाखवून आनू.” आई भावांकडे राहायला गेली होती, घराला कुलूप होतं. मामाजींनी नेहमीसारखी पिकअप फाटकासमोर लावली, बॉनेट उघडलं आणि बंद दाराकडे पाहून मोठ्यानं म्हणाले, “बरी आहे जी.” मग मला म्हणाले, “शब्द देल्ला होता ना.” घर विकलं जाईपर्यंत दर उन्हाळ्यात आम्ही तसे जात राहिलो. त्या माणसावर माझा किती जीव होता हे मला त्या कुलपासमोर कळलं.

शेवटी ते अंथरुणाला खिळले. खिडकीतून पिकअप दिसेल अशी खाट लावून घेतली होती. एकदा माझ्या नवऱ्याला म्हणाले, “मोडाची तं मोडा. पर वजनावर देऊ नका. घरं पाहून द्या.” तो “हो बाबा” म्हणाला. माझ्या मनात मात्र तेव्हाच होतं की बाकी सगळं जावो, रेडिएटर मी ठेवून घेणार. कोठीत, धानाच्या पोत्यांजवळ का होईना.

मासेवाला पुन्हा आला तेव्हा मी नाही म्हणायचं ठरवूनच बाहेर आले होते. तो फाटकाशीच उभा राहून म्हणाला, “काय घेसान ते सांगा.” मी उत्तर द्यायच्या ऐवजी विचारलं, “गाडी कशी आहे तुमची?” मी असं का विचारलं मला माहीत नाही. तोंडातून आलं खरं. तो जो बोलायला लागला तो थांबेचना. पहाटे तलावावर जाळं ओढतात, मासे बर्फात भरतात, भंडाऱ्याच्या बाजारात ऊन चढायच्या आत पोचावं लागतं. गाडी वाटेत उकळली की बर्फ वितळतो आणि माल टाकून द्यावा लागतो. बायको म्हणते, विकून टाक. पण बापाची गाडी आहे. “मन होत नाही बाई,” तो म्हणाला.

“खोलून घ्या,” म्हणून मी आत गेले. मामाजींच्या पेटीत एक कोरा दुपट्टा होता, तो घेऊन आले. त्यानं रेडिएटर खोलून अंगणात ठेवला होता. कोपऱ्यात तांबं हिरवं पडलेलं, आणि सांध्याशी हळदीचा पिवळा डाग तसाच. मी त्या माणसाच्या खांद्यावर दुपट्टा टाकला. तो दचकून मागे सरला. “हे काहून बाई?”

“आमच्या घरची रीत आहे. पैसे नको. दर उन्हाळ्यात एकदा आणून दाखवायची, बस.” आणि तो उचलायला वाकला तेव्हा म्हटलं, “तापली तर हिला बोल लावू नका जी. आधी पंखा पाहा.”

तो गेल्यावर मी शेडखाली गेले. पिकअपच्या तोंडात नुसती पोकळी दिसत होती. उरलेले पार्ट आम्ही तसेच, घरं पाहून दिले.

यंदा लग्नसराईच्या भर उन्हात फाटकाशी हॉर्न वाजला. माशांचा वास आधी आत आला. मी बाहेर गेले तर त्यानं घराकडे तोंड करून गाडी लावली होती आणि बॉनेट उघडलं होतं. खांद्यावर तोच दुपट्टा. “बरी आहे बाई,” तो म्हणाला. मी पुढे होऊन रेडिएटरवर तळहात ठेवला. चटका बसला. बाबा हात का काढत नसत ते मला तेव्हा समजलं.

इतक्यात मागून दारातून सासूबाईंचा आवाज आला. डोळ्यांना दिसत नाही हल्ली त्यांना फारसं, पण हॉर्न ऐकू येतो.

“अवं बाई, इवाई उन्हात उभे आहेत ना. आत बसव त्याईले, अन् चाय मांड.”