काळ्या मार्करखालचं वाक्य

माझ्या बॅगेची यादी नेहमी दोन प्रतींत असते. एक बॅगेत, एक पर्समध्ये. त्या वर्षी भाच्याच्या लग्नासाठी मी एकटीच आठ दिवस पुण्याला गेले, तेव्हा यादीत भाजणी, गोडा मसाला, नवऱ्याच्या चपला आणि खाली मुलीच्या अक्षरात एक ओळ होती: कॉमिकचं नाव, भाग पाचवा, शेवटचा.

मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. परीक्षा असल्यामुळे ती वडिलांबरोबर कुवेतला, अबू हलीफातल्या आमच्या घरीच राहिली होती. कॉमिक जपानी, इंग्रजीत भाषांतर केलेलं. पहिले चार भाग तिने आणि तिच्या वर्गमैत्रिणीने इतके वाचले होते की पानं सुटली होती. गोष्ट मला जेवताना सांगून झाली होती. एका मुलीला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं, फक्त एका मुलाच्या मनातलं नाही. त्या मुलाला दहा मिनिटं पुढचं दिसतं, आणि त्याने पाहिलेलं कधीच चुकलेलं नाही. चौथ्या भागाच्या शेवटी तो तिला लग्नाचं नाही, पण त्याच वळणाचं काहीतरी विचारायला निघतो, आणि त्याला दिसतं की ती नाही म्हणणार.

"आई, लास्ट पार्टमध्ये ही विल बी राँग, ना?" विमानतळावर सोडायला आली तेव्हाही तिचं तेच.

"मला काय माहीत? मला पुढचं दिसत नाही."

पुण्यात पुस्तक मिळालं, यादीवर खूण केली. भावाच्या घरी बॅग भरताना सहज उघडलं, तर पहिल्याच पानावर दोघांचे चेहरे एकमेकांना चिकटलेले. मागच्या भागाचं लगेच पुढे सुरू झालं असावं, असं मी समजले.

आम्ही कुवेतला आलो ते नव्वदच्या दशकात. तेव्हा मासिकांतल्या बायकांच्या दंडांवर काळी शाई फासलेली मी पाहिली होती. घरच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट तपासणीसाठी विमानतळावर राहिली, ती दोन खेपा घालून परत आणली होती. मुलीचं पुस्तक तसं अडकायला नको. खोक्यांवर नाव लिहायचा जाड मार्कर हाताशी होताच.

"काय करतेयस?" भावाने विचारलं.

"कस्टमवाल्यांचं काम हलकं."

"ताई, तुला तिथे पर्मनंट करून घेतील."

"बोलू नकोस. हे पान पंख्याखाली धर."

एकूण चार पानं निघाली. चित्रांबरोबर शब्दांचे फुगेही काळे केले, कारण अर्धवट झाकलेल्याचा जास्त संशय येतो. मात्र प्रत्येक वाक्य आधी वाचलं. न वाचता काही खोडायची मला सवय नाही.

कुवेतला बॅग मशीनमधून सरळ बाहेर आली. कोणी उघडलीही नाही.

मुलगी शाळेतून आली आणि गणवेशातच वाचायला बसली. मी डबे भरत होते. बऱ्याच वेळाने ती उघडं पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आली.

"हे कोणी केलं? एअरपोर्टवर?"

खोटं बोलायची उत्तम संधी होती. "मी केलं."

"आई, दॅट्स द एंडिंग."

"पहिलं पान आहे ते."

"जपानी बुक्स उजवीकडून वाचतात. माझ्या ॲरेबिकच्या पुस्तकासारखी."

इतकी वर्षं उजवीकडून लिहिलेल्या पाट्या बघत होते, तरी डोक्यात आलं नव्हतं.

ती रडली नाही, ओरडली नाही. खोलीत गेली. थालीपीठ तव्यावरून उतरलं तरी आली नाही. पाहिलं तर पान दिव्यासमोर धरून काळ्याच्या आतलं वाचायची खटपट चालली होती. मार्कर चांगल्या कंपनीचा होता. काही दिसत नव्हतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या काळ्याखाली काय आहे हे आमच्या घरात एकट्या मला ठाऊक होतं.

"मला आठवतंय सगळं," मी दारातून म्हटलं.

"ऑल ऑफ इट?"

"वाक्य न् वाक्य."

तिने जरा विचार केला. "मग सांग."

खालच्या बकाल्यातून, म्हणजे आमच्या वाण्याकडून, पांढरा करेक्शन पेन आणला. मी सांगायचं, तिने काळ्यावर लिहायचं. पहिली तीन पानं पटपट झाली. चौथं शेवटचं.

"मुलगा नुसता उभा आहे. मुलीला पहिल्यांदाच त्याच्या मनातलं ऐकू येतं."

"काय?"

"'ही नाही म्हणणार, हे मला दिसलंय. तरी आलो.'"

पेन थांबला. "तरी आला?"

"आला."

"मग ती?"

असलं वाक्य मी आयुष्यात मोठ्याने उच्चारलं नव्हतं. "'विचारूही नकोस. हो.'"

ते लिहून ती बघत राहिली. "ही वॉज राँग," ती म्हणाली, आणि थालीपीठाचा तुकडा तोडून तोंडात टाकला. मग पेन सगळ्यात मोठ्या चौकोनावर नेला.

"आणि इथे?"

"इथे शब्द नव्हते. दोघं गप्प होती."

"गप्प म्हणजे?"

"गप्प म्हणजे गप्प. लिही."