दर दुसऱ्या शुक्रवारचा फ्लॅटटॉप

गार्डांना फोन मी केला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. २०२१च्या फेब्रुवारीत, लॉकडाउन चालू असताना, आयर्लंडमधल्या स्लायगो गावातल्या आमच्या वसाहतीत, शेजारच्या म्हाताऱ्याकडे न्हावी चोरून येतो ही खबर पोलिसांना देणारा माणूस मी. इथे पोलिसांना गार्ड म्हणतात.

म्हातारा चाळीस वर्षं बाल्टिमोरला ट्रक चालवून गावी परतलेला. तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचा एक क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा आणि सगळा डाव चालवणारा खेळाडू, हे त्याचं दैवत. त्या खेळाडूचे केस बाजूंनी बारीक भादरलेले, वरून टेबलासारखे सपाट, ज्याला फ्लॅटटॉप म्हणतात. सगळं जग केस वाढवून हिंडायला लागलं तरी त्याने ते तसेच ठेवले, म्हणून यानेही साठ वर्षं तसेच ठेवले. बैठकीत येशूच्या तसबिरीशेजारी त्या खेळाडूचा फोटो होता आणि दोघांत मिळून एकच लाल दिवा.

असे केस पंधरा दिवसांत बिघडतात. वरचं पठार एका बाजूला कलंडतं. ते नीट कापता येणारा गावात एकच न्हावी उरला होता, तोही साठीच्या पुढचा. माझेही केस तोच कापायचा.

जानेवारीत हॉस्पिटलात आमचा कोविडचा वॉर्ड कसा होता ते मी लिहिणार नाही. त्या दिवसांत मिरजेला वडील गेले. आमच्यातले निम्मे डॉक्टर आजारी पडलेले, मी निघालोच नाही. थोरला मी, पण अग्नी धाकट्याने दिला. व्हिडिओवर त्याचं तुळतुळीत डोकं दिसलं आणि मला वाटलं, एवढं तरी मी करावं. आई फोनवर म्हणाली, "दहाव्याच्या आत कर रे. आणि न्हाव्याच्या हातूनच कर, बाबा. आपलं आपण करत नाहीत."

दुकानं बंद होती. मी न्हाव्याला फोन केला, वडिलांचं सांगितलं, आमच्यात का करतात तेही सांगितलं. उभ्या आयुष्यात मी कुणाला इतकं समजावून सांगितलं नव्हतं. म्हटलं, परसात खुर्ची टाकतो, मास्क लावतो, दहा मिनिटांचं काम आहे.

"वडिलांचं वाईट झालं, डॉक्टर," तो म्हणाला. "पण कायदा आहे ना. आणि राग मानू नका, तुम्ही त्या वॉर्डातून येता."

"ग्रँड," मी म्हणालो. ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत ‘ठीक आहे’; इथे राहून ही एक सवय लागते. आतून पेटलेलं असलं तरी तोंडाने ग्रँड.

त्या वॉर्डातून! आदल्या वर्षी याच लोकांनी दारात उभं राहून आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या वाजवायला दारापर्यंतच यावं लागतं, त्यात काय जातं? बायको म्हणाली, "अरे, मी करते मशीनने." मी तिच्यावरच खेकसलो. दहावा गेला, तेरावा गेला. माझ्या डोक्यावर केस होते तसेच.

त्यानंतरच्या शुक्रवारी ड्युटीवरून आलो तर म्हातारा भिंतीपलीकडे उभा. डोकं नुकतं कापलेलं, कडा पट्टीने आखल्यासारखी.

"काय डॉक, तुमच्या डोक्यावर मेंढी बसलीय की काय?" तो हसत म्हणाला. "हे बघा. सुताराची लेव्हल आणून ठेवा वर, बुडबुडा बरोब्बर मधे येईल."

"कुणी कापले?"

त्याने डोळा मारला. "देवदूत येतो एक. दर दुसऱ्या शुक्रवारी सकाळी, मागच्या फाटकातून."

घरात जाऊन मी बूटही काढले नाहीत. फोनवर मी केस हिस्टरी द्यावी तसं सगळं दिलं: कोण, कुठे, मागचं फाटक, दर दुसऱ्या शुक्रवारी सकाळी. तपशील लक्षात ठेवायची सवयच आहे मला. नाव विचारलं तेव्हा म्हणालो, नाव नको. वर स्वतःला बजावलं की म्हातारा ऐंशीच्या पुढचा, संसर्ग झाला तर माझ्याच वॉर्डात येईल. ही गोष्ट खरी होती, पण मी फोन त्यासाठी केला नव्हता. माझ्या बापासाठी जो न्हावी आला नाही, तो एका चेंडू फेकणाऱ्याच्या केसांसाठी आला होता. आजही हे लिहिताना कानशिलं तापतात.

पुढच्या खेपेला गार्ड फाटकाशीच उभा होता. न्हावी पिशवीसकट सापडला. त्याने नंतर दुकान पुन्हा उघडलंच नाही.

इथवर मी स्वतःला माफ केलंही असतं. पुढचं नाही.

या देशात चोराला क्षमा आहे, खबऱ्याला नाही. इंग्रजांच्या राज्यातल्या जुन्या इतिहासामुळे तो शब्द इथे थुंकल्यासारखा उच्चारतात. म्हाताऱ्याने चुगलखोर कोण ते ठरवून टाकलं: पलीकडच्या घरातल्या निवृत्त शिक्षिका. कचऱ्याचे डबे कुणी कुठे ठेवावेत याच्या चिठ्ठ्या लावणाऱ्या, म्हणून. त्याच बाई वर्षभर त्याचं सामान आणत होत्या, रोज सकाळी त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर टकटक करून तो उठलाय ना ते बघत होत्या. त्याने भर रस्त्यात त्यांना उद्देशून तो शब्द वापरला आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला.

बाई माझ्याकडे आल्या. दोन मीटरवर उभ्या, हातात त्याने परत केलेला सूपचा डबा.

"डॉक्टर, तुम्हाला तरी वाटतं का मी असं करीन?"

"नाही हो. तुम्ही कशाला कराल?" मी म्हणालो.

यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. इतकं नीच खरं मी दुसऱ्यांदा बोललेलो नाही. त्या "गॉड ब्लेस यू" म्हणून गेल्या.

मे महिन्यात न्हाव्यांची दुकानं उघडली, पण फ्लॅटटॉप कुणाला जमेना. एका पोराने प्रयत्न केला, त्याला म्हातारा शिव्या देत बाहेर पडला. मग तो लोकरीची टोपी घालूनच हिंडू लागला, उन्हाळ्यातसुद्धा. शरद ऋतूत एका सकाळी तो स्वयंपाकघरात पडला. टकटक करणारं कुणी उरलं नव्हतं. दुपारी पोस्टमनला आवाज आला तेव्हा तो सापडला. खुब्याचं हाड मोडलं होतं.

आता तो वृद्धाश्रमात आहे. मी भेटायला जातो. केस कपाळावर आलेले, मऊ, लहान मुलासारखे. तो फोटो उशाशी असतो. एकदा म्हणाला, "हा माझा माणूस, डॉक. चेंडू दुसऱ्याच्या हातून निसटला तरी कधी त्याच्याकडे बोट दाखवायचा नाही. मान खाली घालून बाहेर यायचा." मला त्या खेळाडूचाच संताप आला. मेलेला माणूस, कधी न पाहिलेला, माझ्यावर कशाला नजर रोखून बसलाय!

निघताना म्हातारा माझा हात धरतो. "सगळ्या वसाहतीत शेजारी म्हणावा असे तुम्ही एकटेच." बाईंचं नाव काढलं की तोंड भिंतीकडे फिरवतो. बाई दोनदा फुलं घेऊन आल्या होत्या, त्याने दोन्ही वेळा भेट नाकारली.

आणि मी हे सगळं मराठीत लिहितोय, जे त्या दोघांनाही वाचता येत नाही. ही माझी लबाडीही नोंदवून ठेवा.

वडिलांचं राहिलं ते राहिलं, ते आता फिटायचं नाही. पण त्या बाईंचं नाव म्हाताऱ्यापुढे साफ करून देणं मी लागतो, तो जिवंत असेपर्यंत. अजून दिलेलं नाही.